चपला घालताना

शिट्टी वाजली तेव्हा मी शेजाऱ्याच्या आईच्या गुडघ्यापर्यंत पोचले होते.

"थांबा सिस्टर," नदाफ सर म्हणाले. "गाणी कुठं राहिली?"

"कुठली गाणी?"

"शेजारी मोठ्यानं गाणी लावतो. तुम्हाला झोप नाही, पहाटे ड्यूटी आहे, म्हणून तुम्ही त्याच्या दारात गेलाय. तिथं जाऊन तुम्ही त्याची तब्येत विचारलीत, आईचा गुडघा विचारलात, पोरीच्या ॲडमिशनचं विचारलंत. आता तो खूश आहे आणि गाणी चालूच आहेत."

सगळा वर्ग हसला. हसणाऱ्यांतला एकही जण गाण्यांपर्यंत पोचलेला नव्हता, त्यामुळं मला फारसा राग आला नाही.

इंग्रजीच्या त्या परीक्षेत बोलण्याचा एक भाग असा होता की पडद्यावर रोजच्या जगण्यातला एखादा प्रसंग यायचा. दुकानातून आणलेली इस्त्री बिघडली, घरमालकाला गळका नळ सांगायचाय, मैत्रिणीकडं काहीतरी मागायचंय. समोर माणूस नाही. हेडफोन लावायचा, जरा विचार करायचा आणि चाळीस सेकंदांत यंत्राशी बोलून मोकळं व्हायचं. नदाफ सर मूळचे खो-खोचे पंच. मिरजेत एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत ते हा क्लास चालवायचे, आणि घड्याळ व शिट्टी या मैदानावरच्या दोन्ही वस्तू त्यांनी इंग्रजीलाही लावल्या होत्या.

मी तेव्हा मिरजेतल्या एका मोठ्या दवाखान्यात सर्जिकल वॉर्डला सिस्टर होते. माझ्याबद्दल कुणी सारिका खराडे बोलायला भिते असं म्हणालं असतं तर अख्खा वॉर्ड हसला असता. नातेवाइकांचा घोळका मी एका वाक्यात बाहेर काढायची. नवख्या डॉक्टरांना चुकीचा डोस लिहिला म्हणून परत बोलवायची. पण या परीक्षेत बोलण्याच्या पेपरात दोनदा आपटले होते. आयर्लंडमधल्या एका दवाखान्यानं मुलाखत घेऊन मला पसंत केलं होतं, जागा दिवाळीपर्यंत राखून ठेवली होती. तिसऱ्यांदा नापास झाले असते तर ती जागा दुसऱ्या कुणाला गेली असती आणि मी त्याच वॉर्डात त्याच सलाइनच्या बाटल्या मोजत बसले असते.

"तुमचं इंग्रजी बरं आहे," नदाफ सर सगळ्यांनाच म्हणाले. "दुखणं दुसरीकडं आहे. आपल्याकडं पाहुणा येतो. चहा होतो, पोहे होतात, सगळ्या नातेवाइकांची चौकशी होते. मग तो उठतो, दारात जाऊन चपला घालायला लागतो, आणि एक पाय चपलेत गेला की म्हणतो, बरं का, जरा एक काम होतं. खरं की नाही?"

खरं होतं. माझ्या वडिलांनी माझ्या लग्नाचा विषयसुद्धा खराड्यांच्या दारात चपला शोधता शोधता काढला होता.

"परीक्षेत चपलेपासून सुरुवात करायची. पहिल्याच वाक्यात काम सांगायचं, बाकीचं नंतर. आणि सिस्टर, तुम्ही घरी सराव करा. मराठीत केला तरी चालेल."

"घरी कुणाबरोबर करू?"

"ज्यांच्याकडं काही मागताना जीभ जड होते, त्यांच्याबरोबर," असं म्हणून त्यांनी पुढच्या पोराला शेजाऱ्याच्या दारात उभं केलं.

घरी आम्ही चौघं. माझा नवरा रणजित कुपवाडच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला सुपरवायझर, त्यामुळं तो उजाडायच्या आत बाहेर. मुलगी ईश्वरी पहिलीत. आणि सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. आत्या तीस-एक वर्षं बालवाडीच्या बाई होत्या आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. दुसऱ्यांची शेकडो पोरं त्यांनी शी-शूपासून अ-आ-ईपर्यंत आणली होती. मी पहिलं वर्ष एकटीनं जायचं, घराचं बस्तान बसलं की सगळ्यांना बोलवायचं, तोवर ईश्वरीनं आत्यांजवळ राहायचं, असं ठरलं होतं. म्हणजे मी आणि रणजितनं ठरवलं होतं. "आई आहेच की," एवढं तो म्हणाला होता आणि मी मान हलवली होती. आत्यांना वेगळं विचारावं असं दोघांच्याही मनात आलं नाही. घरच्या मोठ्या माणसाला असं विचारणं म्हणजे त्याला परकं करणं, अशीच आमची समजूत.

आत्यांना मी सरावाचं सांगितलं तेव्हा वाटलं त्या हसण्यावारी नेतील. पण त्यांनी पदर खोचला आणि विचारलं, "मी कोण व्हायचं?"

"दुकानदार व्हा. मी बिघडलेली इस्त्री परत द्यायला आलेय."

बालवाडीत कोल्हा, आजीबाई आणि पोलीस एकटीनं रंगवलेली बाई ती. दुकानदार असा उभा राहिला की मला खरोखरच घाम फुटला. "बिल कुठंय? पाणी घातलेलं दिसतंय आत. आमच्या मालाला असं कधी होत नाही." मी "अहो भाऊ, धंदा कसा चाललाय" असं सुरू केलं, तर आत्या म्हणाल्या, "धंदा चांगला चाललाय. इस्त्री ठेव आणि काय ते बोल."

रोज संध्याकाळी आमचा हा खेळ चालायचा. घरमालक झाल्या, बसचा कंडक्टर झाल्या, लग्नाला न आलेली मैत्रीण झाल्या. आधी मराठीत आणि मग तेच मी इंग्रजीत म्हणायची. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, पण मी घुटमळले की तोंडावरून कळायचं. "आली बघ चपला शोधायला," असं म्हणायच्या, कारण नदाफ सरांचं ते बोलणं मी त्यांना सांगितलं होतं आणि ते त्यांना फार आवडलं होतं. हळूहळू माझी गाडी रुळावर आली. गाणी बंद झाली, नळ दुरुस्त झाला, इस्त्रीचे पैसे परत मिळाले.

मग कुत्र्याचा प्रसंग आला. सुट्टीत गावाला जायचंय, शेजारणीला आपलं कुत्रं सांभाळायला सांगायचं. मी ताठ उभी राहिले आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले, "काकू, मी आठवडाभर बाहेर चाललेय, तेवढे दिवस आमचं कुत्रं सांभाळाल का?" त्याचं खाणं, त्याची फिरायची वेळ, सगळं सांगून मोकळी झाले. स्वतःवरच खूश होऊन आत्यांकडं बघितलं.

"नाही जमायचं," आत्या म्हणाल्या.

"आत्या, इथं तुम्ही हो म्हणायचं असतं."

"असं कुठं लिहिलंय?"

"तसं नाही, पण…"

"विचारलंस ना मला? मग नाही ऐकायची पण तयारी ठेव. का नुसतं सांगायला आली होतीस?"

मी हसले, आत्या हसल्या नाहीत. उठून त्यांनी कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मी सरांना म्हणाले, "सर, समोरचा नाही म्हणाला तर काय करायचं?"

"परीक्षेत कुणी नाही म्हणत नाही सिस्टर. तिथं यंत्र असतं. नाही म्हणायला माणूस लागतो."

सकाळी ईश्वरीची रिक्षा गेली की आत्या कापडी पिशवी घेऊन दत्ताच्या देवळात जायच्या. निवृत्त झाल्यापासूनचा त्यांचा तो नेम. परत यायच्या तेव्हा केस ओले असायचे. देवळात जाणाऱ्या बाईचे केस येताना ओले कसे, हा प्रश्न मला कधी पडला नाही. त्यांच्या अंगाला एक वास यायचा, तोही मला ओळखीचा होता, पण वॉर्डात फरशी पुसायच्या पाण्याला तोच वास असल्यामुळं तो माझाच असावा असं मी धरून चालले. इतकी मी हुशार.

त्या दिवशी मला सुट्टी होती, म्हणून घरी होते. आत्या दारात गेल्या, एक पाय चपलेत घातला आणि मागं न बघता म्हणाल्या, "सारिका, ते कुत्रं तसं गुणी आहे. त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही."

"कुठलं कुत्रं, आत्या? ते तर खोटं आहे."

"हां," असं म्हणून त्यांनी दुसरा पाय चपलेत घातला आणि निघून गेल्या.

मी दारातच उभी राहिले. चपला घालताना निघालेली गोष्ट कधी खोट्या कुत्र्याची नसते, हे मला त्या क्लासनंच शिकवलं होतं. आत्या माझ्या ईश्वरीबद्दल बोलत होत्या. पोरगी गुणी आहे, पण मला जमायचं नाही, आणि तुम्ही कुणी मला विचारलेलं नाही. आधी रागच आला. आजीला नात जड झाली का? मग जागेचा विचार आला, दिवाळीचा आला. आत्या नाही म्हणाल्या तर मी परीक्षेत पहिली आले तरी उपयोग नव्हता.

संध्याकाळी आत्या नेहमीसारख्या पदर खोचून बसल्या. "आज कोण होऊ?"

"आज तुम्ही आत्याच व्हा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि खोचलेला पदर सोडला.

चाळीस सेकंदांचं सगळं शिक्षण मी त्या एका वाक्यात ओतलं. "आत्या, मी वर्षभर परदेशी गेले तर ईश्वरीला सांभाळाल का? आम्ही दोघांनी ते परस्पर ठरवून टाकलं. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं, ते आज विचारतेय. नाही म्हणालात तरी ऐकीन."

आत्यांनी सोडलेला पदर सावकाश नीट केला. शिट्टी वाजवायला तिथं कुणी नव्हतं.

"सकाळी नाही," त्या म्हणाल्या. "दुपारपासून ती माझी. जेवण, अभ्यास, झोप, आजारपण, सगळं माझं. पण सकाळी सहा ते नऊ मी कुणाची नाही. आता ती तयार होऊन रिक्षात बसेपर्यंत माझा अर्धा वेळ जातो. तू गेल्यावर तर डबाही माझ्याच गळ्यात. मग तर झालंच."

"देवळाची वेळ बदलता येणार नाही का?"

"मी देवळात जात नाही. जाताना बाहेरून नमस्कार करते. मी महापालिकेच्या तलावावर जाते. पोहायला."

ओले केस आणि तो क्लोरिनचा वास, दोन्ही एकदम जागेवर बसलं. आत्या. साठी ओलांडलेल्या, नऊवारी सोडून पाचवारीवर यायलाही ज्यांना दहा वर्षं लागली होती, त्या आत्या.

"सकाळी बायकांची वेळ असते तिथं," त्या म्हणाल्या. "पुराच्या साली आम्ही सांगलीत नदीकाठाला होतो, तुला माहिती आहे. पाणी माळ्यापर्यंत आलं. होडी गल्लीत शिरेना. दोन पोरांनी मला उचलून खांद्यावर टाकली आणि पाण्यातून नेली. पोत्यासारखी. पोरं चांगली होती बिचारी, जीव वाचवला माझा. पण त्या दिवशी मी ठरवलं, पुन्हा कधी पाणी आलं तर मी माझ्या पायानं आणि माझ्या हातानं जाणार. नोकरी होती, तुझे सासरे अंथरुणाला होते, तेव्हा नाही झालं. आता शिकतेय. उथळ बाजू येते मला. खोल बाजूला जायचंय अजून."

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत का?" त्या म्हणाल्या. मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "आणि लाज वाटली गं. तो पोहायचा ड्रेस. घरात दोरीवर वाळत घालता येत नाही, तिथंच खोलीत ठेवून येते."

मला हसू आलं, त्यांनाही आलं, आणि मग किती तरी वेळ आम्ही दोघी हसत राहिलो. सकाळचा माझा राग कुठं गेला कळलंही नाही. त्या जागी लाज आली आणि तिच्या पाठोपाठ अभिमान आला. ही बाई माझी सासू आहे, हे मला वॉर्डात जाऊन सांगावंसं वाटायला लागलं.

"मग सकाळचं कोण बघणार?" मी विचारलं.

"तिला बाप आहे ना एक?" आत्या म्हणाल्या.

रणजित आला, जेवला, आणि आम्ही दोघींनी त्याला मध्ये बसवलं. पोहण्याचं ऐकून त्यानं आधी आईच्या तब्येतीची काळजी केली, मग लोक काय म्हणतील याची. दोन्ही काळज्या आत्यांनी एका हातानं बाजूला सारल्या. तेव्हा तो म्हणाला, "पण मला पहिली पाळी आहे. दुसरी पाळी मागायची म्हणजे साहेबांना सांगावं लागेल. साहेबांना कसं सांगणार?"

मी आणि आत्यांनी एकमेकींकडं बघितलं. आत्या उठल्या, कपाट उघडलं आणि बालवाडीतली जुनी शिट्टी काढून गळ्यात अडकवली.

"मी तुझा साहेब," त्या म्हणाल्या. "चाळीस सेकंद आहेत. बोल."

"आई, काहीतरीच काय."

"साहेबाला आई म्हणतोस?"

रणजितनं माझ्याकडं मदतीसाठी बघितलं. मी घड्याळाकडं बोट दाखवलं. तो उभा राहिला, घसा खाकरला. "नमस्कार साहेब. काय म्हणताय, बरं आहे ना? गावाकडं पाऊसपाणी कसं काय यंदा? वहिनी आल्या का परत?"

शिट्टी अशी वाजली की आतून ईश्वरी धावत आली.

"पाऊस पडला आणि वहिनी आल्या," आत्या म्हणाल्या. "तुझं काय काम आहे?"

त्या रात्री त्यानं किती वेळा सुरुवात केली याची मोजदाद ठेवली नाही. पण शेवटी तो सरळ उभा राहून म्हणाला, "साहेब, मला वर्षभर दुसरी पाळी पाहिजे. सकाळी मुलीचा डबा करून तिला शाळेत धाडायचं असतं." आणि म्हणून झाल्यावर स्वतःच चकित झाला. एवढंच होतं होय, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. दोन दिवसांनी कारखान्यातून आला तो हसतच. साहेबांनी पाळी दिली होती, आणि वर विचारलं होतं, डब्यात काय करतोस? त्याचं उत्तर मात्र रणजितकडं तयार नव्हतं. पुढच्या रविवारपासून मी त्याला पोळ्या लाटायला बसवलं. पहिल्या पोळीचा आकार बघून ईश्वरीनं तिला गुजरात म्हटलं, कारण भिंतीवर नकाशा होता.

परीक्षा पुण्याला होती. हेडफोन लावून बसले. पहिले दोन प्रसंग सरळ गेले. तिसरा पडद्यावर आला आणि मी खुर्चीत मागं टेकले. तुमची मैत्रीण दर शनिवारी सकाळी तिची मुलं तुमच्याकडं सोडू इच्छिते. त्या वेळी तुमचा क्लास असतो. तिला तसं सांगा.

मला सारिकाचं उत्तर शोधावंच लागलं नाही. खोचलेला पदर सोडून आत्या माझ्यात येऊन बसल्या. सकाळी नाही जमायचं, मी इंग्रजीत म्हणाले. तुझी मुलं गुणी आहेत, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ती वेळ माझी आहे, मी काहीतरी शिकतेय आणि ते मला सोडायचं नाही. दुपारी आण, जेवायलाही घालते. माझं बोलणं संपलं तेव्हा पडद्यावर वेळ उरलेली होती. त्या उरलेल्या वेळात काही भरायची मला गरज वाटली नाही.

पास झाले. नदाफ सरांनी पेढ्याचा बॉक्स घेतला आणि म्हणाले, "चपलेपासून सुरुवात केलीत ना?" मी म्हणाले, "चपला काढल्याच नाहीत, सर." हे उत्तर त्यांना इतकं आवडलं की पुढं कित्येक वर्षं ते नव्या मुलांना सांगत राहिले, असं ऐकते.

निघायचा दिवस दिवाळीनंतरच्या थंडीतला. पहाटेची गाडी घेऊन आधी मुंबई आणि मग विमान. रणजित आणि झोपेतली ईश्वरी स्टेशनवर येणार होते. आत्या येणार नव्हत्या. त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, "स्टेशनवर उभी राहून रडायचं आणि मग दिवसभर डोकं धरून बसायचं, ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. तू गेलीस की मी तलावावर जाणार. त्या दिवशी खोल बाजूला नेणार आहेत." मला त्याचं वाईट वाटलं नाही असं कसं म्हणू? थोडं वाटलं. पण ते त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, त्यामुळं मनात ठसठसत राहिलं नाही.

रणजित बॅगा रिक्षात ठेवत होता. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच चहा घेत बसलो होतो. सांगायचं सगळं सांगून झालं होतं. ईश्वरीची औषधं, शाळेची फी, रणजितच्या पोळ्या. मला माहीत होतं की खरी गोष्ट दारात निघणार. मी सँडल घालायला वाकेन, आणि तेव्हा आत्या मागून काहीतरी बोलतील, आणि मला वर बघायची हिंमत होणार नाही. त्या क्षणासाठी मी मन घट्ट करून ठेवलं होतं.

आत्यांनी कप खाली ठेवला.

"सारिका, तू नसलीस की मला करमायचं नाही," त्या म्हणाल्या. "लेकीसारखी नाही, तू मला मैत्रिणीसारखी झालीस. मला तुझी फार आठवण येईल."

असं आमच्या घरात कुणी कुणाला कधी म्हटलेलं नव्हतं. माझ्या आईनं मला नाही, रणजितच्या बाबांनी त्याला नाही. त्यांनी नजर वळवली नव्हती, माझ्याकडंच बघत होत्या.

"मलाही येईल, आत्या," मी म्हणाले. "तुमची सगळ्यात जास्त."

"बरं झालं, बोलून झालं," त्या म्हणाल्या आणि माझ्या कपात उरलेला चहा ओतला. आमच्या दोघींच्या चपला अजून दाराबाहेरच होत्या.